स्टेशनमास्तर फलाटावरून गेला कुठे?

शप्पथ घेऊन सांगते, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे! हवं तर मला आमच्या चर्चच्या घंटेखाली उभं करा आणि खोटं निघालं तर दोरी सोडा! मी एनिड, वय वर्षं एकोणऐंशी, दात स्वतःचे. आमच्या ऑल्डरबी गावात माझ्याइतकी खरं बोलणारी बाई शोधून सापडायची नाही. एक होती, पण ती वारली.

तर माझा नवरा विल्फ. जन्म यॉर्कशरचा, सगळी हयात यॉर्कशरात. बोटीत पाय ठेवला की ओकतो, म्हणून समुद्र काही ओलांडला नाही. पण या माणसानं एकोणीस वर्षं खपून आमच्या मागच्या खोलीत नॉर्वे बांधला! अख्खा देश नाही हो. टिंडेदाल नावाच्या दरीतली एक जुनी रेल्वे, कधीच बंद पडलेली. साल एकोणीसशे चौतीस, महिना मार्च. तिथली दुधाची गाडी किती वाजता सुटायची ते त्याला झोपेतून उठवून विचारा, सांगेल. लग्नाची तारीख विचारा, खिडकीबाहेर बघेल.

थट्टा करते मी, पण ती रेल्वे बघायला हवी होती तुम्ही! स्टेशन काडेपेटीएवढं. त्याच्या खिडकीला पडदा, पडद्यामागे दिवा, आणि दिवा मोहरीएवढा! मी गुडघ्यावर बसून डोळा फलाटाला लावायची. बोगद्यातून गाडी यायची, पिवळ्या खिडक्या बर्फावरून सरकत जायच्या, आणि माझा श्वास अडकायचा. एकदा तर थंडी वाजली म्हणून उठून स्वेटर घालून आले. जुलै महिन्यात!

आणि फलाटावर स्टेशनमास्तर. करंगळीच्या नखाएवढा माणूस, पण कोटाला आठ बटणं! तीन केसांच्या ब्रशानं रंगवलेली. एकेक बटण रंगवताना विल्फ श्वास रोखून धरायचा. पाचव्या बटणाला निळा पडला होता.

आता हा नॉर्वे माझ्या स्वयंपाकघरातही घुसला होता. वाळवलेली चहापत्ती म्हणजे रानातली माती. रवा म्हणजे रुळांखालची खडी. खडूची पूड म्हणजे बर्फ. सगळं जॅमच्या जुन्या बरण्यांतून माझ्याच फळीवर. आमचा नियम साधा: लाल झाकण रेल्वेचं, निळं झाकण पोटाचं. तरी एकदा पाद्रीबुवांना मी अर्धं जंगल उकळून पाजलं होतं. त्यांनी दुसरा कप मागितला.

ऑक्टोबरमध्ये गावच्या हॉलमध्ये छोट्या रेल्वेंचं प्रदर्शन भरतं. मंडळाचे अध्यक्ष ऑग्डेनसाहेब. ते फक्त यॉर्कशरच्या गाड्या बनवतात आणि विल्फला बघितलं की त्यांच्या पोटात दुखतं.

"काय विल्फ, अजून परदेशातच का? आपल्या गाड्यांना काय काटे आहेत?"

"तुमच्या गाड्या मला खिडकीतून दिसतात, ऑग्डेनसाहेब," विल्फ म्हणायचा. "ही दिसत नाही, म्हणून बांधली."

"न बघता बांधली! बरोबर आहे की चूक, सांगणार कोण?"

हे मात्र विल्फला लागायचं. आणि या वर्षी सांगणारं माणूस खरंच येणार होतं! इंगेबोर्गबाई, वय अठ्ठ्याऐंशी, टिंडेदालच्या शेवटच्या स्टेशनमास्तरांची मुलगी. अकरा वर्षं दोघांची पत्रं चालू होती. तिनं कोटातल्या बाबांसकट स्टेशनचा एक फोटो धाडला होता, त्यावरून विल्फनं स्टेशन उभं केलं. आता ती बोटीनं येऊन स्वतः बघणार होती.

आदल्या दिवशी विल्फ मला म्हणाला, "एनिड, ती जर म्हणाली की हे ते नव्हे, तर पाच नोव्हेंबरला गाव दरवर्षी शेकोटी पेटवतं ना, तीत टाकीन सगळं."

"अरे, वेडा की काय तू!"

"एकोणीस वर्षं चुकीचं गाव बांधत बसलो, तर ठेवायचं कशाला?"

चेष्टा करत नव्हता हो. त्या दिवशी त्यानं घाबरून घरातली सगळी भांडी घासली. बरण्यांची झाकणंसुद्धा! आणि पुसून परत लावली. कुठलं कुठं, ते तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या आलं नाही.

शनिवारी सकाळी हॉलमध्ये विल्फनं लाल झाकण उघडलं आणि चहाच्या गाळणीतून डोंगरावर, फलाटावर, छपरांवर ताजा बर्फ चाळला. वरून पाण्याचा फवारा मारला, तो चिकटावा म्हणून. तिकडे चहाच्या टेबलावर मी निळं झाकण उघडलं आणि माझ्या सहा केकांवर भरपूर पिठीसाखर भुरभुरवली.

चव घेऊन बघितली नाही का, म्हणाल. अहो, बारा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझी साखर बंद केली! चहात नाही, केकात नाही, ख्रिसमसला नाही. विल्फ माझ्यावर असा डोळा ठेवतो जशी मी तिजोरीच फोडणार आहे.

आणि लोकांनी सांगितलं नाही का? आमच्या लोकांनी? चहाच्या टेबलावर कुणाचा केक वाईट म्हणायचा म्हणजे भर चर्चमध्ये पँट काढण्यासारखं! चाळीस माणसांनी खडू खाल्ला आणि चाळीसही म्हणाली, "वा, किती छान!" ऑग्डेनसाहेबांनी तर दोन तुकडे खाल्ले. पांढऱ्याफेक मिशीतून म्हणाले, "एनिडबाई, या वर्षी केक जरा... भरीव झालाय. सुरेख!" आणि तीन कप चहा एका दमात प्याले.

दुपारी एकला सगळे समोरच्या खानावळीत जेवायला गेले. मी म्हटलं, मी थांबते राखणीला. हॉल रिकामा. खिडकीतून ऊन आलं आणि टिंडेदालचा डोंगर असा चमकायला लागला की काय सांगू! खडू कधी चमकतो का हो? मी जवळ गेले. वाकून वास घेतला. आणि कळलं! डोंगरावर साखर!

मी मटकन खुर्चीत बसले. दोन मिनिटं डोळे मिटले. फक्त दोन! उघडून बघते तर दारातून आत आलेला एक कुत्रा! वासराएवढा, ठिपक्याठिपक्यांचा, जीभ ही अशी पंजाएवढी! स्टुलावर पुढचे पाय टेकवून पठ्ठ्या टिंडेदाल चाटतोय! फलाट चाटला, छप्पर चाटलं, डोंगराची उत्तर बाजू पार काळ्या कड्यापर्यंत चाटली! मी "हाड हाड" करेपर्यंत पसार!

तेवढ्यात विल्फ आला. त्यानं आधी डोंगर बघितला, मग फलाट.

"एनिड... स्टेशनमास्तर कुठेय?"

फलाट रिकामा! आठ बटणांसकट माणूस गायब!

"कुत्रा!" मी म्हटलं. "केवढा होता, विल्फ! शेपूट बघितली मी त्याची!"

"कुठला कुत्रा? आणि तुझ्या हनुवटीला काय लागलंय?"

"केकवरची पूड रे! आत्ता हनुवट्या बघायची वेळ आहे का?"

खरंच नव्हती. कारण दार उघडलं आणि काठी टेकत इंगेबोर्गबाई आत आली. मागून ऑग्डेनसाहेब, मागून सगळं गाव. विल्फ माझ्या कानात म्हणाला, "संपलं सगळं. शेकोटीत." आणि त्यानं कळ दाबली, कारण गाडीची वेळ झाली होती. जग बुडालं तरी दुधाची गाडी वेळेवर सुटते आमच्याकडे.

इंगेबोर्गबाई वाकली. डोळा फलाटाला लावला, मी लावायची तसाच. बोगद्यातून गाडी आली, खिडक्यांचा पिवळा उजेड तिच्या चेहऱ्यावरून सरकत गेला.

"बाबा फलाटावर नाहीत," ती म्हणाली.

विल्फनं डोळे मिटले. "बाई, मी सांगतो काय झालं..."

"कधीच नसायचे!" ती एकदम हसायला लागली. "गाडी आली की बाबा मागच्या नदीवर मासे धरत! झेंडा आई दाखवायची. कोटाचा फोटो तेवढा काढून घेतला त्यांनी, वरच्या साहेबांना दाखवायला. आम्ही रेल्वेपासून जन्मभर लपवलं हे. तुम्हाला कुणी सांगितलं?"

विल्फनं वळून माझ्याकडे बघितलं.

मग तिनं बोट फलाटापाशी नेलं. लावलं नाही, नुसतं नेलं. "आणि हा बर्फ! अरे देवा, हा बर्फ! माशांना लावायचं मीठ बाबा फलाटावर टाकायचे, बर्फ वितळावा म्हणून. मग शेजारच्या शेळ्या यायच्या आणि मीठ चाटता चाटता सगळा फलाट साफ करायच्या. असाच! इथे चाटलेलं, इथे राहिलेलं. जिभेच्या खुणासुद्धा काढल्यात हो तुम्ही! फोटोत तर हे नव्हतं. चौऱ्याऐंशी वर्षांत हे मी कुणाला बोलले नाही, मीच विसरले होते." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "हेच ते. हेच आमचं घर."

माझ्या अंगावर काटा आला. अजून येतो, बघा! ऑग्डेनसाहेबांनी टोपी काढली आणि मिशी पुसली, तर सगळा रुमाल पांढरा झाला. मग हळूच म्हणाले, "विल्फ, त्या शेळ्या दिसत नाहीत, पण आहेत रे तिथे."

त्यांच्या तोंडून कौतुक! खडूचा काही गुण असेल का हो?

शेकोटीत त्या वर्षी फक्त लाकडं जळली. रेल्वे परत मागच्या खोलीत आली. विल्फनं फलाट तसाच ठेवलाय, रिकामा आणि चाटलेला. त्यावर कुणाला धूळही झटकू देत नाही.

तर ही अशी गोष्ट, अक्षर न् अक्षर खरी. म्हणजे... हं. तो कुत्रा तेवढा नव्हता.

अहो, बारा वर्षं! बारा वर्षं साखर तोंडाला नाही आणि समोर अख्खा डोंगर! एकच बोट लावणार होते मी. मग दुसरं लावलं. मग बोटानं फलाटाच्या फटीतलं निघेना, म्हणून... जाऊ द्या. स्टेशनमास्तर दिसलाच नाही मला, चष्मा टेबलावर राहिला होता. गिळल्यावर बटणं जाणवली.

विल्फला बोलू नका. डॉक्टरांना तर मुळीच नको. त्यांनी परवा रक्त तपासलं आणि विचारलं, "एनिडबाई, गोड काही खाल्लंत का?" मी म्हटलं, "छे हो! नॉर्वेला गेले होते."