खिडकीपाशी बसण्याची पात्रता

तळघरातल्या अभिलेख कक्षात एकोणीस वर्षे बसलेल्या वरिष्ठ कारकुनाच्या रक्तात ड जीवनसत्त्व बावीस भरले. जिना चढताना त्याचे गुडघे कुरकुरत, पाठ खुर्चीतून उठायला तयार नसे. पण अहवालात आकड्यासमोर 'पुरेसे' असे छापलेले असल्यामुळे हे दुखणे अनधिकृत होते.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे खिडकीजवळचे टेबल रिकामे झाले. कारकुनाने अर्ज केला आणि कारणाच्या रकान्यात 'ऊन' असे लिहिले. इतका उघडा शब्द त्या इमारतीत कोणी लेखी वापरला नव्हता.

आरोग्य समितीच्या बाईंनी त्याला बोलावून घेतले. त्यांच्या खोलीत भरदुपारी चार ट्यूबलाइट जळत होत्या.

"तुमचं बावीस आहे. वीसच्या वर कमतरता नसते. मग खिडकी कशाला?"

"मॅडम, गुडघे फार दुखतात हो."

"गुडघ्यांना रकाना नाही."

कारकून चार महिने तळघरात अधिक निष्ठेने बसला. जेवणाच्या सुट्टीतही वर आला नाही. आकडा सतरावर उतरला, तेव्हा तो पेढे वाटायच्या चेहऱ्याने अहवाल घेऊन गेला.

"सतरा?" बाई दचकल्या. "अहो, म्हणजे तुम्ही अपात्र! नवं परिपत्रक आलंय. वरच्या मजल्यांवर फक्त सुदृढ कर्मचारी. किमान तीस."

"मागच्या वेळी तर वीस होतं."

"जगातल्या तज्ज्ञांचं तरी कुठं एकमत आहे? कुणी वीस म्हणतं, कुणी तीस. आपण मोठा आकडा घेतला, उद्या कुणी बोट दाखवायला नको. आणि ही कमतरता जगभर आहे. तुम्ही एकटेच असं तोंड पाडून का बसता?"

घरी बायकोने अहवाल दिव्याखाली धरला. "शाळेत कधी नापास झाला नाहीत म्हणून सांगत होतात. झालात ना, रक्तात!" तिने औषधाच्या पुड्या आणल्या आणि रोज तासभर गच्चीवर उभे राहायची तंबी दिली.

घराला गच्ची नव्हती; कार्यालयाच्या गच्चीची किल्ली मात्र अभिलेख कक्षातच, म्हणजे त्याच्याच खणात होती. मागच्या वर्षी टंकलेखक बाईंनी पाठदुखीसाठी ती मागितली, तेव्हा 'कारण असमाधानकारक' असा शेरा त्यानेच मारला होता. आता त्याने स्वतःच्या नावे अर्ज लिहिला, तो स्वतःच आवक नोंदवहीत चढवला, नियमाप्रमाणे तीन दिवस प्रलंबित ठेवला आणि चौथ्या दिवशी सहानुभूतीपूर्वक मंजूर केला.

पावसाळा, हिवाळा सरून उन्हाळा आला तेव्हा आकडा एकतीस झाला. गुडघे शांत झाले. टेबल मिळाले. तळघरातली त्याची खुर्ची टंकलेखक बाईंना देण्यात आली. त्यांचा आकडा चौदा असल्याने त्या दुसऱ्या कुठल्याच मजल्याला पात्र नव्हत्या.

पहिल्याच सकाळी तो खिडकीशी बाह्या सरसावून बसला. खाली वाफा खणणाऱ्या माळ्याने मान वर केली.

"साहेब, ऊन खाताय होय? काचेतून ते लागत नाही म्हणतात. खाली या, हे बघा, फुकट पडलंय!"

"कामाच्या वेळी?" कारकुनाने काचेआडून त्याला झापले.

ऊन संगणकाच्या पडद्यावर येऊ लागले. अक्षरे दिसेनात. त्याने उठून खिडकीचा पडदा ओढला आणि ट्यूबलाइट लावली. समोर पहिलीच फाइल तळघरातून आली होती. गच्चीच्या किल्लीसाठी टंकलेखक बाईंचा अर्ज; किल्ली तळघरात राहिली, तरी मंजुरीचा अधिकार त्याच्याबरोबर वर आला होता. कारण: ऊन.

त्याने पेनाचे टोपण काढले. मधल्या काळात त्याला बरेच सोसावे लागले होते. तेव्हा या वेळी शेरा माणुसकीने लिहायला हवा होता. बराच विचार करून त्याने लिहिले, 'आकडा तीस झाल्यावर पुन्हा अर्ज करावा.'

मग पडद्याची फट नीट बुजवण्यासाठी तो उठला. रस्त्यापलीकडच्या सगळ्या इमारतींमधले पडदे असेच ओढलेले होते. बाहेर लख्ख ऊन होते, आणि त्या पडद्यांमागे दिवे लावून आपण सगळेच बसलो होतो.