‘मोर कोणाचा?’ विचारणारे वैरागडे सर

माझ्या भाचीच्या लग्नाची पत्रिका मी वैरागडे सरांच्या हातात ठेवली, तेव्हा मुलगा काय करतो हे त्यांनी विचारलं नाही. तारीखही पाहिली नाही. चष्मा कपाळावर चढवला, पत्रिका नाकाजवळ नेली आणि म्हणाले, “मॅडम, हा मोर कोणाचा?”

“मुलीकडचा,” मी गोंधळून म्हटलं.

“तसं नाही वो. काढला कोणी? कोण्या माणसानं दिवसभर मान मोडून हा पिसारा रंगवला असन. तो तिकडं घरी बसून आहे, अन् त्याचा मोर तुमच्या पत्रिकेवर नाचून राहिला. त्याले विचारलं का?”

विचारलं नव्हतं. मोर काढणाऱ्याला विचारून कोणी पत्रिका छापत असेल हेच मला नवीन होतं. सर लग्नाला आले, पोटभर जेवले आणि निघताना छापखानेवाल्याचा फोन नंबर घेऊन गेले.

नागपुरातल्या आमच्या कॉलेजात सर वेबसाइट बनवायला शिकवतात. मी शेजारच्या टेबलावर बसते आणि दुसरा विषय शिकवते. स्टाफच्या ग्रुपवर कोणी गुलाबासकट ‘शुभ सकाळ’ टाकलं, की सरांचं उत्तर यायचंच, “आपणासही. गुलाब कोणाचा?” हळूहळू आमच्या ग्रुपवर सकाळी शुभ व्हायच्याच बंद झाल्या.

त्यांचा पहिला तास मी एकदा दारातून पाहिला आणि हादरले. सर पहिल्या बाकाशी गेले, ऋतुजा नावाच्या मुलीचा डबा उचलला, उघडला आणि उभ्या उभ्या तिची भरली वांगी खायला लागले. पन्नास पोरं श्वास रोखून बघत होती.

“सर, माझा डबा आहे तो!” ऋतुजा शेवटी कशीबशी म्हणाली.

“असं? मले दिसला, म्हणून घेतला.”

“दिसला म्हणून काय झालं? आईनं केलंय ते!”

“लिहून घ्या रे सगळे!” सर वांग्याचं देठ हातात धरून ओरडले. “दिसला म्हणून आपला होत नाही. नेटवरचा फोटो असो की गाणं, कोणाच्या तरी मायनं राबून केलेला डबा आहे तो. करणाऱ्याचा हक्क. ह्यालेच म्हणतात कॉपीराइट.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठा डबाभर चिवडा आणला. झाकणावर चिठ्ठी चिकटवली होती: ‘कोणीही घ्या. वाटा. वरून कांदा-लिंबू टाका. फक्त चिवडा वैरागड्यानं केला हे सांगा.’ हा झाला खुला परवाना. काही लोक आपलं काम असं चिठ्ठी लावून जगासाठी मोकळं ठेवतात; चिठ्ठी वाचायची आणि तिच्यात लिहिलं तसं वागायचं, एवढंच. पोरांना कायदा किती कळला माहीत नाही, पण चिवडा मात्र सबंध कॉलेजात सरांच्या नावानं गाजला.

चिठ्ठी न वाचणाऱ्यांची मात्र खैर नसायची. सावनेरच्या एका मुलानं विदर्भातल्या जंगलांवर वेबसाइट केली आणि पहिल्याच पानावर वाघ लावला. सरांनी वाघाकडे बराच वेळ पाहिलं. “बाबू, उमरेडच्या जंगलात बर्फ कधी पडला गा?”

मुलानं निरखून पाहिलं. वाघाच्या मागे खरंच पांढराशुभ्र बर्फ होता.

“सर, नेटवरून घेतला.”

“नेट काय तुह्या मामाचं वावर आहे? काहून घेतला? कोणाले विचारून घेतला?”

आम्ही स्टाफरूममध्ये खूप हसायचो. मीही हसायचे. म्हणून पुढचं सांगताना मला अजून लाज वाटते.

गेल्या वर्षी आमच्या विभागाची नवी वेबसाइट करायचं काम प्राचार्यांनी माझ्यावर टाकलं. “पहिलं पान उघडलं की आपलं नागपूर दिसलं पाहिजे,” म्हणाले. वेळ होता दोन दिवसांचा. मी नेटवर ‘नागपूर उन्हाळा’ म्हणून शोधलं आणि एक फोटो सापडला. भर दुपारचा निर्मनुष्य रस्ता, वर पिवळाधमक बहावा, आणि खाली लावलेल्या सायकलच्या टोपलीत काठोकाठ पाकळ्या. बघूनच जिवाला गार वाटलं. खाली बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. वापरायला मोकळा आहे एवढं मी वाचलं, पुढचं वाचलं नाही. फोटो उतरवून घेतला आणि लावला.

उद्घाटनाला सगळे प्रयोगशाळेत जमले. प्राचार्यांनी बटण दाबलं, भिंतीवर बहावा फुलला, टाळ्या वाजल्या. मी चोरून वैरागडे सरांकडे पाहिलं. आता हे सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढणार, अशी भीती वाटत होती.

सर उठून उभे राहिले. फोटोकडे बघत राहिले. तोंड किंचित उघडं होतं. मग चहा-समोसा तसाच ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तापातसुद्धा रुमाल बांधून तास घेणारा हा माणूस! तिसऱ्या दिवशीही नाहीत. दुपारी ऋतुजा माझ्या टेबलाशी येऊन घुटमळली.

“मॅडम, राग नका मानू. आम्हाला सरांनी सवय लावली ना, म्हणून मी त्या फोटोचं मूळ पान शोधलं. फोटो खुला आहे. पण अट आहे, नाव द्यायचं.”

“कोणाचं?”

तिनं मोबाइल पुढे केला. ‘छायाचित्र: मंदा वैरागडे.’

मंदाताई म्हणजे सरांच्या बायको. त्या गेल्याला सहा वर्षं झाली होती. मी त्यांना दोनदाच भेटले होते आणि त्या फोटो काढत हे मला ठाऊक नव्हतं.

मी तडक धरमपेठेत सरांच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडलं. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, “या मॅडम. मी रागावलो नाही.”

“सर, मला खरंच माहीत नव्हतं. तुम्ही तिथेच का नाही बोललात?”

“भरल्या सभेत तुमचं नाव खराब करू का?” ते खुर्चीत बसले. “अन् खरं सांगू? पहिले तर आनंदच झाला. म्हटलं, मंदा आपल्या कॉलेजात आली. मग खाली पाहिलं, तर नावच नाही. तसाच घरी आलो.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. मंदाताई शाळेत कारकून होत्या. जाता-येता फोटो काढायच्या आणि कोणालाच दाखवायच्या नाहीत. त्या गेल्यावर हक्क सरांकडे आले. सरांनी सगळे फोटो नेटवर मोकळे सोडले. काही करा, फक्त तिचं नाव लिहा. रोज सकाळी ते नेटवर बायकोचं नाव शोधतात.

“मागच्या महिन्यात ब्राझीलच्या एका शाळेनं तिचा बुलबुल घेतला. खाली नाव बरोबर लिहिलं. ती पचमढीच्या पुढं कधी गेली नाही, मॅडम. नाव दिसलं की मले वाटते, ती अजून कुठं कुठं फिरून राहिली.”

मला पुढे ऐकवेना. त्यांचाच लॅपटॉप ओढून घेतला आणि तिथल्या तिथे वेबसाइट दुरुस्त केली. नाव लिहिलं, परवान्याची ओळ लिहिली. सरांनी चष्मा लावून अक्षर अन् अक्षर तपासलं. ‘मंदा’वरचा अनुस्वार आहे ना, हे दोनदा पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, “तुमच्या लायब्ररीच्या पानावर फोटोच नाही. दाखवू का?”

दोन तास आम्ही फोटो पाहत होतो. फुटाळा तलावाचं पाणी, कामठीच्या रस्त्यावरची बैलजोडी, गॅलरीच्या कठड्यावरची खार. एकाही फोटोत सर नव्हते. मी तसं म्हटलं.

“नाही कसा? सगळ्यात आहे,” ते म्हणाले. त्यांनी फुटाळ्याच्या फोटोवर बोट ठेवलं आणि ते सरकवत सरकवत पडद्याच्या कडेबाहेर, रिकाम्या टेबलावर आणून टेकवलं.

“हा इथं मी. तिची पर्स धरून उभा आहे.”