ओट्यावरची रेंज

आमच्या इमारतीत चार मजले, सोळा बिऱ्हाडं आणि एकोणपन्नास मोबाइल आहेत. रेंज मात्र एकाच ठिकाणी येते. पहिल्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या डाव्या टोकाला, खिडकीपाशी. मी या इमारतीचा सचिव. बाहेर लोक काहीबाही बोलतात, म्हणून घडलं ते जसंच्या तसं सांगून टाकतो.

मास्तरीणबाई निवृत्त. एकट्या राहतात, गुडघे धरलेले. त्यांची लेक दूरच्या गावी, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. जावई म्हणाले होते, "आई, एवढ्या लांब आत्ताच धावत येऊ नका. झालं की पहिला फोन तुम्हालाच." म्हणून बाई मोबाइल खिडकीत ठेवून ओट्यापाशी स्टुलावर बसायच्या. फोन कधीही येईल, या एका आशेवर त्यांचा दिवस चालला होता.

सुरुवातीला लोक काहीतरी निमित्त काढून यायचे. वाटीभर साखर मागायला यायचे, तीन फोन करायचे आणि साखर तिथेच विसरून जायचे. पुढे वाटी आणणंही बंद झालं. बाई पडल्या भिडस्त, नाही म्हणणं जमेना. शेवटी मला म्हणाल्या, "भाऊ, कंपनीला सांगून सगळ्यांच्या घरात रेंज आणा ना. मला माझ्याच घरात भांडी घासायला जागा उरली नाही."

मी ताबडतोब तक्रार केली. अर्थात बाईंच्याच खिडकीतून. आठ दिवसांनी कंपनीचा इंजिनिअर आला. हातात यंत्र धरून चारही मजले फिरला. यंत्र ढिम्म. मग बाईंच्या ओट्यापाशी आला आणि त्याचा चेहरा उजळला.

"इथे तर फुल आहे की!"

"अहो, पण बाकी इमारतीत नाही," मी म्हटलं.

"फॉर्मवर 'इमारतीत रेंज आहे किंवा नाही' एवढंच विचारलंय. इमारतीत कुठे, ते विचारलेलं नाही."

त्याने 'आहे' वर खूण केली, माझी सही घेतली आणि तक्रार निकाली काढली. 'ग्राहक समाधानी' या रकान्यातही खूण होती, ती मला प्रत हातात आल्यावर दिसली.

समितीच्या सभेत चेअरमननी तो कागद दोनदा वाचला. म्हणाले, "इथे स्पष्ट लिहिलंय, कंपनीने रेंज इमारतीला दिली आहे. बाईंना नव्हे. इमारतीची वस्तू एका सभासदाने परस्पर घरात ठेवून घेणं नियमात बसत नाही." एवढ्या महिन्यांत ही बाजू कुणाच्या लक्षातच आली नव्हती. बाईंनी रेंज लाटली, असं कुणी म्हटलं नाही. लेखी खुलासा मागवावा, एवढंच ठरलं. खुलाशात बाईंनी लिहिलं, "ती आपोआप येते." उत्तर असमाधानकारक असल्याची नोंद झाली.

मग माझ्या अध्यक्षतेखाली रेंज सुधार उपसमिती नेमली. रेंज वाढवणं आपल्या हातात नाही. तेव्हा सुधार म्हणजे शिस्त, असा आम्ही अर्थ लावला. सकाळी आठ ते रात्री आठ, दर बिऱ्हाडाला पाऊण तास. बाईंची पाळी दुपारी सव्वा ते दोन. घर त्यांचं असल्याने तीन मिनिटं जादा.

"अहो भाऊ, बाळ काय सव्वा वाजलेला बघून येतं का?" बाई म्हणाल्या.

"त्यासाठी तातडीचा अर्ज आहे," मी समजावलं. "चोवीस तास आधी द्यायचा. सोबत कळा किती वाजता सुरू होतील याचा डॉक्टरांचा दाखला."

घरी आमची ही म्हणाली, "जनाची नाही तर मनाची तरी ठेवा." मी तिची सूचना नोंदवून घेतली.

शिस्त लागली की पुढच्या अडचणी दिसू लागतात. कुकरच्या शिट्टीमुळे बोलण्यात व्यत्यय येतो, अशा चार तक्रारी आल्या. कुकर बंद केला. फोडणीने ठसका लागतो. फोडणी बंद केली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना व्हिडिओ कॉलमध्ये मागे बाईंच्या डब्या-बरण्या दिसणं आवडेना. फळी रिकामी केली. शेवटी ओट्यावर पाटीच लावली : 'येथे विनाकारण स्वयंपाक करू नये.' बाई पुढच्या खोलीत बसून दूध-पाव खाऊ लागल्या. त्यांचा मोबाइल खिडकीत ठेवायला आमची हरकत नव्हती. पाळी नसताना तो उचलायला मात्र परवानगी नव्हती.

आणि गुरुवारी, बारा वाजून दहा मिनिटांनी, तो वाजला.

पाळी चौथ्या मजल्यावरच्या साहेबांची होती. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी मागवलेल्या चपला एक नंबरने लहान आल्या होत्या आणि ते पंचवीस मिनिटं कस्टमर केअरच्या होल्डवर संगीत ऐकत उभे होते. बाई पुढच्या खोलीतून लगबगीने आल्या. स्क्रीनवर जावयाचं नाव होतं.

"साहेब, जरा सरकता का? जावयांचा आहे."

"बाई, मी रांगेत तिसरा आहे. आता सोडलं तर पुन्हा पहिल्यापासून."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. देखरेखीला मीच होतो. खोटं कशाला बोलू, मला कसंतरीच झालं. पण आज यांना सूट दिली तर उद्या घरोघरी बाळंतपणं निघतील. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. फोन वाजून वाजून थांबला. परत वाजला, परत थांबला. तेवढ्यात साहेबांचाही कट झाला.

बाईंनी आदळआपट केली नाही. मोबाइल उचलला, चपला पायात सरकवल्या, कठडा धरून एकेक पायरी उतरत खाली गेल्या आणि फाटकाबाहेर रस्त्यावर उभं राहून त्यांनी फोन लावला.

रस्त्यावर फुल रेंज असते. नेहमीच असते. फाटकापासून वीस पावलांवर. हे आम्हा सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे. पण भल्या घरच्या माणसांनी रस्त्यात उभं राहून बोलणं बरं दिसत नाही. शिवाय पुन्हा जिना चढावा लागतो.

आम्ही खिडकीतून बघत होतो. बाई एका हाताने डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. नात झाली होती. अर्ध्या तासात त्यांनी पिशवी भरली, कुलूप लावलं आणि लेकीकडे निघाल्या. जिन्यात आम्ही सगळ्यांनी त्यांचं मनापासून अभिनंदन केलं. साहेबांनी किल्ली मागितली. बाईंना ते ऐकू आलं नसावं.

आज तीन आठवडे झाले, कुलूप तसंच आहे. सामायिक रेंज कोंडून ठेवल्याबद्दल बाईंना नोटीस काढायचं एकमताने ठरलं आहे.

तुम्ही म्हणाल, एवढंच आहे तर रस्त्यावर जाऊन बोला की. सांगायला तुमचं काय जातं? वेळापत्रक लागायच्या आधी तुम्हीही आमच्याकडे पाहुणे म्हणून आला होता. "दोनच मिनिटं हं" म्हणत तुम्ही बाईंच्या ओट्याला टेकलात ते पंचवीस मिनिटं हलला नाहीत. बाई आपलं स्टूल उचलून दाराशी उभ्या राहिल्या. तशातही त्यांनी तुम्हाला चहा करून दिला, आणि जरा गोड झालाय, असं तुम्हीच म्हणालात.