दगडाला नंबर

रामटेकेभाऊ रस्त्यावरच्या दगडांवर नंबर लिहीत असत. आलापल्लीच्या रस्त्यावर ट्रक बंद पडल्याची खबर लागली, की सायकलच्या हँडलला रंगाचा डबा अडकवून भाऊ निघालेच.

ट्रक बंद पडला की आपल्याकडचा ड्रायव्हर काय करतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दिवा नाही, पाटी नाही. गाडीच्या मागं चार मोठे दगड मांडायचे, त्यांवर सागाची एक फांदी टाकायची, की झाली सुरक्षितता. मग मिस्त्री येतो, ट्रक सुरू होतो, ड्रायव्हर विडी पेटवून निघून जातो. दगड तिथंच राहतात. पुढं त्यांच्यावर कोण आदळेल ते ज्याचं त्यानं बघावं.

तर भाऊ उकिडवे बसून एकेका दगडावर त्या ट्रकचा नंबर घालायचे, ठळक आणि सुबक.

"हे काय करून राह्यले, बुढेबाबा?" ड्रायव्हर विचारायचा.

"तुमचे दगड हायत ना? मंग तुमचाच नंबर."

ड्रायव्हर हसायचे, डोक्यावर परिणाम झालाय म्हणायचे. पण जाताना चारही दगड गुपचूप नालीत लोटून जायचे. कायद्याला न भिणारा माणूस स्वतःच्या नंबराला भितो, एवढं शहाणपण मला भाऊंनी शिकवलं.

भाऊंची सारी नोकरी जंगल खात्याच्या लाकूड डेपोत गेली. येईल त्या सागाच्या लाकडावर नंबर घालायचा, हे काम. "नंबर नाई तं माल चोरीचा," हे त्यांचं ब्रीद. ते डेपोपुरतं राहिलं असतं तर बरं झालं असतं. घरातल्या पाण्याच्या पितळी गुंडांना नंबर होते, शेळ्यांच्या शिंगांना होते. विहारातल्या सतरंज्यांवर त्यांनी असे नंबर घातले, की एका लग्नात वरपक्षाचे लोक आपल्याला कितवी सतरंजी दिली यावरून रुसले. मी चंद्रपूरला एका वकिलांकडं मुनशी होतो. भाऊ पहिल्यांदा आमच्याकडं आले, तेव्हा मी त्यांचे कागद वाचतोय तोवर त्यांनी खिशातल्या खडूनं माझ्या छत्रीच्या दांड्यावर नंबर टाकला. "आता हरपत नाई," म्हणाले.

त्या कागदांत पंचनामा होता. भाऊंचा मुलगा प्रकाश नुकताच मास्तर झाला होता. थंडीतल्या सकाळी, दाट धुक्यात, फटफटीवरून शाळेला निघाला आणि घरापासून हाकेच्या अंतरावर असल्याच कुणीतरी सोडून गेलेल्या दगडांवर आदळून गेला. पंचनाम्यात मात्र लिहिलं होतं, 'रस्ता मोकळा व निर्धोक असून चालकाचा ताबा सुटल्याचे दिसते.' असले पंचनामे मी पोत्यानं वाचलेत. आमच्या जिल्ह्यात मेलेल्या माणसाचा ताबा नेहमीच सुटलेला असतो.

"दगड होते ना जी," भाऊ म्हणाले. "पोलिस यायच्या आधी लोकायनं नालीत लोटले."

इथंच सगळं बिघडलं होतं. दगड जागेवर असते तर पंचनाम्यात आले असते. मग तिथं कोणता ट्रक बंद पडला होता, हे येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांची नोंद असलेल्या जंगल नाक्याच्या वहीतून शोधणं पोलिसांना भाग पडलं असतं. आता ती वही उघडायला कारणच उरलं नव्हतं. नुकसानभरपाईच्या दाव्यात ड्रायव्हर लागतो, मालक लागतो, विमा कंपनी लागते. नालीतल्या दगडाला यातलं काहीच नसतं. पळून गेलेल्या गाडीसाठी सरकारकडं वेगळा अर्ज करता येतो, तोही करून पाहिला. तिथल्या साहेबांनी विचारलं, गाडीनं धक्का दिला का? नाही दिला. मग गाडी कुठली?

तेव्हा मी एक नीच सल्ला दिला. लाज वाटते, पण दिला. म्हटलं, "भाऊ, आदल्या रात्री नाक्यावरून गेलेला एखादा नंबर धरा. साक्षीदार मी बघतो."

"जिंदगीत एका लाकडावर चुकीचा नंबर नाई टाकला, मुनशीजी. अन् पोराच्या नावावर टाकू?"

दावा फेटाळला गेला. निकालाची नक्कल घेऊन भाऊ गेले आणि त्यांनी हे दगडांचं खूळ सुरू केलं.

पुढं कामानिमित्त आलापल्लीला गेलो, की त्यांच्याकडं चहा ठरलेला. चहा त्यांच्या पत्नी गिरजाबाई करत. आणि दरवेळी कप हातात देता देता त्या तेच बोलत. ट्रकवाल्याला नाही, पोलिसांना नाही, त्यांचा सारा राग एकाच माणसावर होता. "ज्यानं दगड हटवले ना मुनशीजी, त्याचे हात झडून पडो. माह्या लेकराचा न्याय त्यानं नालीत लोटला."

भाऊ खाली बघून म्हणायचे, "हो ना."

एकदा ते मला स्टँडवर सोडायला निघाले. वाटेत प्रकाश गेला ते वळण आलं. भाऊ सायकल धरून थांबले.

"दगड मीच हटवले, मुनशीजी."

त्यांनी नालीकडं बोट केलं.

"आवाज आयकून धावत आलो. पोरगं मांडीवर होतं. जीव गेला होता का होता अजून, आता सांगता येत नाई. तेवढ्यात धुक्यातून सिरोंच्याची येस्टी येऊन राह्यली होती. मानसायनं भरेल गाडी. पोराले खाली ठेवलं अन् दगड लोटले. पंचनामा, नंबर, काईच ध्यानात नाई आलं. साऱ्या जिंदगीत तेवढाच माल बिननंबरचा गेला माह्या हातून."

येस्टीतल्या लोकांना आपण वाचलो हेसुद्धा कधी कळलं नसेल. खिडकीतून थोडं बघितलं असेल, हळहळले असतील आणि पुढं गेले असतील.

"बाईंना सांगा," मी म्हटलं. "त्या समजून घेतील."

"समजून घेईल ना ती. मले ठाऊक हाय." भाऊंनी रंगाचा डबा हँडलवर नीट केला. "पन मंग तिनं शिव्या कोनाले द्याव्या? तिच्यापाशी दुसरं काय राह्यलं?"

त्यानंतर मी पुन्हा गेलो तेव्हा भाऊ नुकतेच कुठल्याशा ट्रकचे दगड रंगवून आले होते, बोटं रंगानं माखलेली. गिरजाबाईंनी मला चहा दिला आणि नेहमीचं म्हटलं, त्याचे हात झडून पडो. मग त्यांनी दुसरा कप पुढं केला. भाऊ "हो ना" म्हणाले आणि दोन्ही हातांनी तो कप घेतला.