तक्रारमुक्त लिफ्ट

जे काम कोणालाच कळत नाही ते घरच्या माणसाकडे सोपवावे. बिघडले तरी बाहेर बोभाटा होत नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या मालकाने याच तत्त्वावर आपल्या मेहुण्याला संगणकप्रमुख नेमले. (पात्रता : बहिणीच्या घरचा टीव्ही त्यानेच भिंतीवर बसवला होता. तो अजून पडलेला नाही.)

मेहुणा दुर्दैवाने कामसू निघाला. वेबसाइट जिथे ठेवली होती त्या होस्टिंगचे कंट्रोल पॅनेल त्याने उघडले, तर आत डीएनएसच्या नोंदी. कंपनीचे नाव टाकणाऱ्याला कुठे न्यायचे, तिच्या नावे आलेला मेल कोणत्या यंत्राकडे द्यायचा, हे जगाला सांगणाऱ्या ओळी. त्या कोणी लिहिल्या हे ठाऊक नव्हते. सगळे सुरळीत चालले असल्याने कोणी विचारलेही नव्हते. मेहुण्याला तो पसारा वाटला. शेजारीच ‘मूळ स्थितीत आणा’ असे बटण होते. ‘नक्की?’ असे पॅनेलने विचारले. कशाबद्दलही नक्की नसणे मेहुण्याच्या स्वभावात नव्हते.

पसारा आवरला. वेबसाइट उघडत होती, मेल बाहेर जात होते. फक्त बाहेरून येणारे मेल आता होस्टिंगवाल्याच्याच यंत्रावरच्या एका पेटीत पडू लागले. अशी पेटी आहे हे कंपनीत कोणाला माहीत नव्हते. मेल परत येत नसल्याने पाठवणाराही निश्चिंत होता.

कंपनीत तक्रार मेलनेच घेतली जाई. (फोनवरच्या तक्रारीची नोंद ‘विचारपूस’ अशी होई.) महिनाअखेरीस तक्रारींच्या आलेखाने जमिनीवर अंग टाकले. मालक गहिवरले.

“शिका काहीतरी याच्याकडून,” मेहुण्याकडे बोट दाखवत ते मेकॅनिकांना म्हणाले.

“पण साहेब, लिफ्ट आपोआप कशा बऱ्या होतील? आम्ही तर बाकावर बसून आहोत.”

“तेच म्हणतोय मी. तुम्ही हात लावायचं थांबवलंत.”

मेहुण्याची आई सहाव्या मजल्यावर राहत असे. गुडघ्याचे ऑपरेशन नुकतेच झालेले. तिच्या इमारतीची लिफ्ट याच कंपनीकडे होती.

“अरे, ही मजल्याच्या वीतभर खाली थांबते. पाय कुठे टाकू?”

“आई, मेल कर.”

“शेजारणीकडून केला. दोनदा.”

“मग येईल. बदल जगभर पसरायला वेळ लागतो.” हे वाक्य त्याला पॅनेलच्या तळाशी सापडले होते. उशिरा येण्यापासून पंखा बंद पडण्यापर्यंत सगळीकडे ते चालत होते. त्याने पुन्हा इनबॉक्स पाहिला. “आई, इथे काहीच नाही. म्हणजे लिफ्ट ठीक आहे.”

“म्हणजे मजलाच वर सरकला म्हण की!”

टाके काढायच्या दिवशी तिचा पुन्हा फोन आला.

“मी आत अडकलेय.”

“कशाच्या आत?”

“तुमच्या लिफ्टच्या, गाढवा! दिवाही गेलाय.”

मेहुणा धावत मेकॅनिकांकडे गेला.

“तक्रार क्रमांक?” त्यांनी विचारले. त्याशिवाय गाडीची किल्ली मिळत नसे. नियम नवा होता, तक्रारी शून्यावर आल्याच्या आनंदात मालकांनी केलेला. क्रमांक मेल आल्यावर पडे.

मेहुणा काही दगडाच्या काळजाचा नव्हता. त्याने स्वतःच्या मोबाइलवरून, ग्राहकाच्या नात्याने, कंपनीला मेल लिहिला. ‘तातडीचे’ असेही वर घातले. मग खुर्ची ओढून तो इनबॉक्ससमोर बसला आणि पूर्ण श्रद्धेने वाट पाहू लागला.

आईला अग्निशमन दलाने बाहेर काढले. सासूबाई महिनाभर जावयाशी बोलल्या नाहीत, मुलाशी अजूनही बोलत नाहीत. मासिक अहवालात मात्र या घटनेविषयी एकही तक्रार नाही.

तुम्हाला मेहुण्याचा राग आला असेल. पण मागे तुम्हीही कुठेतरी असाच मेल पाठवला होता. उत्तर आले नाही, तेव्हा तुम्ही जिने चढू लागलात आणि आता पाहुण्यांना सांगता की तेवढाच व्यायाम होतो. समाधानी ग्राहकांच्या यादीत तुमचे नाव बरेच वर आहे.