झुलेवाडीकर गुणवंतराव मेघदुर्गी स्वार जाहले त्याची हकीकत

॥ श्री ॥ पाळणे फिरवणारा प्रसन्न असो, ब्रेक लावणारा त्याहून प्रसन्न असो. खरे सांगावे तर हा मजकूर लिहिणारच नव्हतो. मोबाइलात लिहायला घेतला आणि पुसला, पुन्हा घेतला आणि पुन्हा पुसला, कारण यातली सगळी माणसे हयात, रोजच्या भेटीतली, आणि ज्याच्या बाजूने एक ओळ जास्त पडेल त्याच्या विरुद्धचा माणूस आम्हांस चहाही पाजणार नाही. बखर कशी लिहावी हे कोणी शिकवले नाही. वाचनालयात जुन्या बखरी चाळल्या, थाट आवडला, उचलला. चूकभूल पदरात घ्यावी. तर शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध द्वितीया, भाऊबीज, ते दिवशी जे वर्तमान घडले ते येणेप्रमाणे.

एका मुलखात करमणुकीची दोन संस्थाने नांदत होती. एक झुलेवाडी, नदीकाठची, जुनी, आणि दुसरे मेघदुर्ग, हायवेला, नवे. झुलेवाडीचे दैवत नागीण. नागीण म्हणजे रुळांवरून धावणारी गाडी, रंगाने हिरवी, वयाने आमच्याहून थोर, आणि चढण चढताना अशी कण्हते की बसणाऱ्याने घरच्यांची नावे घ्यावीत. मेघदुर्गाचे दैवत गरुड. तीही गाडीच, पण उंची अशी की फाट्यावरच्या ढाब्यावरून दिसते, आणि माणसाला उलटे टांगते आणि सुलटे करते आणि आवाज म्हणाल तर नुसता वाऱ्याचा. मेघदुर्गाच्या भक्तांस विचारावे, बाबांनो तिथेच का जाता, तर ते उंची सांगतात, वेग सांगतात, सामान ठेवायला लॉकर आहेत, रांगेत पाण्याचा फवारा मारणारे पंखे आहेत, संडास स्वच्छ आहेत असे सगळे सांगतात आणि त्यातले काही खोटे नसते. झुलेवाडीच्या भक्तांस विचारावे तर ते काहीच सांगत नाहीत. "एकदा चल," एवढेच म्हणतात.

त्याचे कारण असे. नागिणीचा कारभार बादशाहभाईंकडे. नावाने बादशहा, अंमलही तसाच. फेरी संपून गाडी ठाण्यास लागली की ते हात गाडी चालवायच्या दांडीवरच ठेवून विचारतात, "बस्स?" आणि गाडीतल्या समस्त मंडळींनी एका दमात "आणखी" म्हटले तर दांडी पुन्हा ओढतात आणि फुकटची फेरी मिळते. पण एक जरी गप्प राहिला तरी सगळ्यांनी उतरायचे. असा शिरस्ता. त्यामुळे नागिणीत अनोळखी माणूस बसला की त्याला आधी पढवावे लागते, आणि पढवता पढवता गाव विचारले जाते, आणि गाव विचारले की कोणीतरी पाहुणा निघतोच, आणि मग उतरल्यावर भेळ होते. हा "आणखी"चा पहिला आवाज उठवण्याचा मान शेवटच्या डब्याचा, आणि शेवटच्या डब्याचे मानकरी आमचे परममित्र गुणवंतराव, ज्यांना आम्ही एरवी गुण्या म्हणतो.

आता गुणवंतरावांना हा आवाज शिकवला कोणी, तर त्यांच्या थोरल्या भगिनी वैजयंताबाईसाहेब, म्हणजे वैजूताई, यांनी. ताईंनीच त्यांना प्रथम नागिणीत बसवले, घाबरून रडू लागले तेव्हा ताईंनीच तोंडात खाजे कोंबले, आणि ताईंचे लग्न झाले तेव्हा शेवटचा डबा ताईंकडूनच त्यांच्याकडे आला. पण ताईंचे सासर पडले मेघदुर्गाच्या पायथ्याशी. सासरची सगळी मंडळी मेघदुर्गाची, वर्षाचा पास काढणारी. आणि मग गेल्या दिवाळीत ताई माहेरी आल्या आणि झुलेवाडीस येऊन नागिणीत बसल्या, तो डोईवर मेघदुर्गाची निळी टोपी. ती पाहताच गुणवंतरावांचा माथा फिरला आणि भरल्या गाडीसमोर ते म्हणाले, "फितुरांनी नागिणीत बसू नये." मंडळी हसली. ताईंनी मांडीवरची सळई वर केली, उतरल्या, चालत्या झाल्या. गुणवंतराव एवढ्यावर थांबते तरी बरे होते, पण त्यांनी नागिणीच्या मस्तकावर हात ठेवून शपथ वाहिली की मेघदुर्गात पाऊल टाकणार नाही, आणि जो कोणी टाकेल त्याने शेवटचा डबा सोडावा.

त्या दिवसापासून ताईंचा फोन बंद. राखी आली ती कुरिअरने आली, सोबत चिठ्ठी नाही. आणि मग यंदा भाऊबिजेच्या आदल्या दिवशी आमच्या मोबाइलवर, गुणवंतरावांच्या नव्हे, आमच्या, ताईंचा निरोप येता झाला की, त्याला सांग, भाऊबीज मेघदुर्गाच्या दारात आहे, सकाळी ताट घेऊन उभी असेन, आला तर आला, नाही आला तर मला भाऊ आहे हे मी सासरी सांगायचं बंद करते.

निरोप वाचून गुणवंतराव कट्ट्यावर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत.

"जायचं का रे?" ते विचारते झाले.

"मला काय विचारतोस. बहीण तुझी."

"पण शपथ?"

"शपथ तू घेतलीस. मी बाजूला भेळ खात होतो."

"डबा जाईल माझा."

"जाईल."

"नुसतं जाईल काय म्हणतोस, काहीतरी तोड सांग ना."

आम्ही तोड सांगितली ती अशी की हेल्मेट घाल, मागे बस, कोणास कळणार नाही. आणि मग दुसरे दिवशी आमच्या बाइकवरून स्वारी निघाली. वाटेत झुलेवाडीच्या फाटकावरचे खाजे ताईंच्या आवडीचे म्हणून घेतले, आणि तिथेही गुणवंतरावांनी काच खालीच ठेवली, आणि खाजेवाला म्हणाला, "गुण्या, हेल्मेटात काय बसलाय?" तर याप्रमाणे गुप्तता राखून आम्ही मेघदुर्गी दाखल झालो.

ताई दारात होत्या. पण पेटते निरांजन आत न्यायला चौकीदाराची मनाई, म्हणून औक्षण पार्किंगमध्ये, दोन मोटारींच्या मधे. वारा सुटलेला. आमचे दाजी, म्हणजे ताईंचे यजमान, यांनी ज्योतीला आडोसा म्हणून निळी टोपी धरली आणि ती थोडी करपली. ताईंनी ओवाळले, खाजे घेतले, पण रुसवा तसाच.

"ताई, अगं..."

"आधी बस. मग बोलू."

"तुझ्या गरुडात?"

"माझा नाहीये तो. नुसता गरुड."

आणि मग रांगेत उभे राहिले, पुढे ताईंच्या सासूबाई अनसूयाबाई, नऊवारीचा काष्टा कसून, मग ताई, मग गुणवंतराव, मग आम्ही. दाजी सगळ्यांच्या पिशव्या घेऊन खाली, कारण त्यांना खुर्चीवर चढले तरी गरगरते. पंखे फवारा उडवत होते, गाणी लागली होती, आणि रांग अशी गुपचूप की जणू दवाखाना. गुणवंतरावांना राहवले नाही. म्हणाले, "इथं कोणी कोणाशी बोलत का नाही?"

"म्हणूनच येते मी," ताई म्हणाल्या. "तिथं नागिणीत बसले की बादशाहभाई विचारणार सासर कसं आहे, भेळवाली विचारणार गोड बातमी कधी, तिकीटवाला विचारणार नवरा का नाही आला. चांगले आहेत रे सगळे. पण मला ओरडायचं असतं. आणि तिथं ओरडले की संध्याकाळी आईचा फोन, का गं, काही त्रास आहे का तिकडं? इथं मी पोटातून ओरडते आणि कोणाला काही पडलेलं नसतं. वर गेले की मी कोणाची कोणी नाही."

"माझी पण नाही," अनसूयाबाई मागे न बघता म्हणाल्या. "मी सांगून ठेवलंय, वरती सासूबाई म्हणायचं नाही. शिवी घालायची तर घाल. वाऱ्यात मला ऐकू येत नाही."

"घालते का ही?" गुणवंतरावांनी विचारले.

"ऐकू येत नाही म्हटलं ना."

गुणवंतराव थोडे हसले, मग गंभीर झाले, मग हळूच म्हणाले, "पण मग टोपी घालून का आलीस तिथं? सगळ्यांसमोर?"

"उन्हाला घातली होती, गुण्या."

  रांग पुढे सरकली.

आणि मग गरुडावर आरूढ जाहले. सळई छातीशी आली, गाडी वर निघाली, कण्हणे नाही, कुरकुर नाही, हायवे खाली चिमुकला झाला, आणि वर क्षणभर थांबून गरुडाने असे काही सोडून दिले की आमचे काळीज बहुधा अजून तिथेच आहे. उलटे झालो, सुलटे झालो, पुन्हा उलटे झालो. पुढून अनसूयाबाई "अगं आई गं" करत होत्या आणि त्यात दुःख काहीच नव्हते. ताई ओरडत होत्या, लांब, एकच सूर धरून, वर्षभराचे सगळे त्यात असावे असे. आणि गुणवंतराव, ज्यांना या गाडीस नावे ठेवायची होती, ते डोळे मिटून, दोन्ही हात आभाळात घालून, लहान मुलासारखे खिदळत होते. गाडी ठाण्यास लागली. सळया वर झाल्या. इस्त्रीच्या गणवेशातला कर्मचारी म्हणाला, "उजवीकडून बाहेर पडा," आणि सगळे पाय उचलू लागले, आणि तेवढ्यात डोळे मिटलेलेच असताना, हात वरच असताना, कोणी काही विचारलेले नसताना, गुणवंतरावांनी जन्माची सवय म्हणून छाती फोडून आरोळी दिली, "आणखी."

गाडी चिडीचूप. कर्मचारी बघतच राहिला. गुणवंतरावांनी डोळे उघडले, आपण कुठे आहोत हे उमगले, आणि चेहरा असा झाला की आता हेल्मेट मिळते तर घातले असते. आणि मग शेजारून, त्याच सुरात, त्याच ताकदीने, ताईंची आरोळी आली, "आणखी." ताईंनी नंतर पुष्कळ सांगितले की मुद्दाम नाही दिली, आपोआप तोंडातून गेली.

"काय आणखी?" अनसूयाबाईंनी मान वळवली. ताईंनी शिरस्ता सांगितला. अनसूयाबाईंना तो एकदम पटला. "मग बसा सगळे," त्यांनी हुकूम सोडला, "आणि म्हणा." आणि पुढच्या रांगेतले नवे जोडपे, मागचे कॉलेजातले चौघे, एक टक्कल पडलेले डॉक्टर, कोण कुठले, सगळे खाली बसले आणि सगळ्यांनी एका दमात म्हटले.

"काकू, इथं तसं नसतं," कर्मचारी म्हणाला.

"नसतं तर सुरू कर. शिरस्ता तुझ्या नावानं चालेल."

त्याने वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "सर, गाडीतले लोक उतरत नाहीयेत. नाही सर, अडकले नाहीत. आणखी म्हणतायत. सर, सगळेच." पलीकडून हुकूम आला की मागे रांग ताटकळली आहे, सन्मानाने उतरवा. झुलेवाडीत मिळते ते इथे मिळाले नाही हे खरे. पण मग असे झाले की ती अख्खी गाडी उतरली आणि अख्खीच्या अख्खी पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली, आणि ताईंनी दाजींकडून खाजे मागवून पुडा फोडला, आणि डॉक्टरांचे आजोळ अनसूयाबाईंच्या माहेराशेजारचे निघाले, आणि नव्या नवरीने ताईंना विचारले, "तुमचं लग्न होऊन किती वर्षं झाली?" ताईंनी कपाळाला हात लावला. "झालं, गुण्या. इथंपण सगळे मला ओळखायला लागले," म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या.

ते बघून गुणवंतराव पुढे झाले. "ताई, फितूर म्हणालो ते चुकलं. सगळ्यांसमोर म्हणालो होतो, सगळ्यांसमोर मागे घेतो."

ताईंनी खाज्याचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. "हे सगळे वेगळे, गुण्या. ते सगळे तिकडं आहेत."

गुणवंतरावांनी तुकडा तोंडात टाकला. मग म्हणाले, "रविवारी ये. टोपी घालून ये."

"आणि तुझा डबा?"

"आधी तुझाच होता तो."

सारांश, झुलेवाडीस माणसे जातात ती कोणीतरी नावाने हाक मारावी म्हणून, आणि मेघदुर्गी जातात ती थोडा वेळ कोणी मारू नये म्हणून, आणि दोन्ही गरजा एकाच माणसाला असू शकतात हे आम्हांस त्या रांगेत कळले. कोणती गाडी थोर याचा निवाडा या लेखात नाही. परतताना गुणवंतरावांनी हेल्मेट हातात धरले होते. झुलेवाडीचा पूल आला तेव्हा मागून म्हणाले, "रविवारी भरल्या गाडीसमोर उभा तर राहीन. शपथ मोडली ते सांगीन. पण ताईला बघून मधेच अडलो तर?" मग आम्ही बाइक बाजूला घेतली आणि मित्रास वचन दिले की आज घरी गेल्याबरोबर सगळे लिहून काढतो, आणि तू जिथे अडशील तिथून पुढे मी बादशाहभाईंच्या शेजारी उभा राहून मोठ्याने वाचीन, काही गाळणार नाही, टोपी उन्हाची होती तेही, आणि तुला गरुड आवडला तेही.