शूटिंगला दिलेलं घर

चष्मेवाल्यांनी राहतं घर दोन दिवस शूटिंगला दिलं, ते केवळ मेहुण्याच्या शब्दाखातर. सिनेमा गंभीर होता. घरच्यांच्या अपेक्षांखाली दबून एका मुलीचं मन आजारी पडतं, अशी गोष्ट.

पहिल्याच शॉटला सिनेमातली मुलगी ताट सारून भिंतीकडे तोंड करून बसली. चष्मेवाल्यांच्या आईंना ते बघवेना. त्या थेट कॅमेऱ्यासमोर जाऊन तिला भरवू लागल्या. नटी सकाळपासून खरोखरच उपाशी होती; तिनं मुकाट्यानं चार घास खाल्ले. दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला आणि आजींची रवानगी शेजारी केली.

मग सिनेमातले वडील मुलीला दरडावू लागले की, पुन्हा परीक्षेला बसायचं म्हणजे बसायचं. चौथ्या टेकला चष्मेवाल्यांना राहवलं नाही. "अहो, पोरीला महिनाभर झोप नाही आणि तुम्ही परीक्षेचं काय घेऊन बसलात? आधी डॉक्टरकडे न्या तिला."

दिग्दर्शक खूश झाला. हे वाक्य शेजाऱ्याच्या तोंडी घालू, तुम्हीच म्हणा, असा त्यानं हट्टच धरला. चष्मेवाल्यांना कोट चढला, तोंडाला पावडर लागली आणि जिभेनं दगा दिला. एकदा ते डॉक्टरला झोप नाही म्हणाले, एकदा पोरीला परीक्षेकडे न्या म्हणाले. अकराव्या खेपेला वाक्य बिनचूक आलं. तेवढ्यात कॅमेऱ्यामागून त्यांची स्वतःची मुलगी, तिसऱ्यांदा प्रवेशपरीक्षेला बसणारी, हळूच म्हणाली, "मलाही झोप लागत नाही, बाबा. दोन महिने झाले."

दिग्दर्शकानं घाईघाईनं पटकथेची पानं चाळली. "हे आपल्यात नाहीये."

"आमच्यात आहे," चष्मेवाले म्हणाले आणि त्यांनी दिव्यांसकट बावीस माणसं जिन्यात काढली.

आत मुलगी तासभर बोलली. चष्मेवाले ऐकत राहिले. पावडरीवर ओघळ उमटले. परीक्षेचा अर्ज राहू दे म्हणाले, दुसऱ्या दिवशीची डॉक्टरची वेळ घेतली. मुलगी त्यांच्या तोंडाकडे पाहून रडता रडता हसली आणि तिथेच सोफ्यावर गाढ झोपली.

त्यांनी हलकेच दार उघडलं. पायरीवर सिनेमातले कडक वडील फोन कानाला लावून, दबक्या आवाजात परदेशातल्या मुलाला विचारत होते, "तुला झोप लागते ना रे नीट?"

"लागली होती, बाबा," पलीकडून जांभई आली. "आत्ता तुम्हीच उठवलंत."